अभ्यासातून गळलेल्या चौघी

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी रोज सकाळी कुणी ना कुणी मला 'थोर संशोधक' म्हणून हाक मारतं. फोन उघडला की ईमेल येऊन पडलेली असते. आपल्या अमूल्य कार्याने आम्ही भारावून गेलो आहोत, तरी आपला पुढचा लेख आमच्याच नियतकालिकाला द्यावा, ही विनंती. मागच्या आठवड्यात मत्स्यपालनाच्या जर्नलचं आमंत्रण होतं. माझा माशांशी संबंध आला तो फक्त नांदेडला स्टाफ नर्स होते तेव्हाच्या एका पेशंटमुळे, त्याच्या घशात काटा अडकला होता. सून म्हणते, "आई, डिलीट करून टाका ना." मी करते, दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं.

या अंकाच्या संपादकांनी 'तुमच्या कामाबद्दल लिहा' म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांना बहुधा इंजेक्शनं, बाळंतपणं आणि रात्रपाळीतल्या गमती हव्या असाव्यात. त्या माझ्याकडे आहेत, पण माझी नोकरीची शेवटची वीस-बावीस वर्षं लातूरच्या एका खाजगी नर्सिंग कॉलेजात कागदावर गेली. बाहेरच्या माणसाला नर्सिंगमध्येही संशोधन असतं हेच ठाऊक नसतं. मुरुडजवळच्या आमच्या गावी मी थोरल्या भावाला एकदा सांगितलं, की मी पेपर काढते. तो म्हणाला, "हाव का? साप्ताहिक का रोजचा?"

तर थोडक्यात सांगते. नर्सिंगची एम.एस्सी. करायची तर प्रबंध लिहावा लागतो. विषय ठरवायचा, त्याचा आराखडा विद्यापीठाकडून मंजूर करून घ्यायचा, वॉर्डात नाहीतर गावात जाऊन माहिती गोळा करायची आणि शेवटी त्यातून एक लेख जर्नलमध्ये छापून आणायचा. विद्यार्थिनीला मार्ग दाखवणारी ती गाइड, म्हणजे मी. गाइडलाही लेख लागतातच, कारण बढतीला त्याचे पॉइंट धरतात. शीर कशी शोधता, हे मुलाखतीत मला कुणी विचारलं नाही. पेपर किती, हे प्रत्येकाने विचारलं.

आमच्या शीर्षकांचा साचाही ठरलेला. 'अमुक विषयावरील शिक्षण कार्यक्रमाची तमुक ठिकाणच्या मातांच्या ज्ञानावरील परिणामकारकता.' अमुक-तमुक तेवढं भरायचं. आधी प्रश्न विचारायचे, मग तासभर चित्रं दाखवून शिकवायचं आणि आठवड्याने तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. सोमवारी सांगायचं की हात साबणाने धुवा, पुढच्या सोमवारी विचारायचं की हात कशाने धुवावेत. बाई म्हणते साबणाने. झाली परिणामकारकता सिद्ध. मी असे किती प्रबंध सही करून पुढे पाठवले, ते मोजायला गेले नाही आणि जाणारही नाही.

मासलेही एकेक भेटले. आमच्या प्राचार्यांचं नाव कॉलेजातून निघणाऱ्या प्रत्येक लेखावर पहिलं असायचं, मग विषय बाळंतिणीच्या आहाराचा असो की होस्टेलच्या मुलींच्या मोबाइलचा. एका मुलीने कॉपी पकडणाऱ्या मशीनला चकवायला सगळे इंग्रजी शब्द डिक्शनरीत बघून बदलले, तर 'ब्रेस्ट फीडिंग'चं 'चेस्ट नरिशमेंट' झालं आणि लेख तसाच छापून आला. आणि आमच्या एका ट्यूटरने घाईत लेखाच्या जागी वॉर्डाचा ड्यूटी चार्ट जोडून पाठवला. चहा संपायच्या आत उत्तर आलं, की आपलं लिखाण अत्यंत मौलिक असून दोन तज्ज्ञांनी ते तपासून स्वीकारलं आहे. आम्ही स्टाफरूममध्ये डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. नंतर तिने खरा लेखही तिथेच दिला. पॉइंट सगळीकडचे सारखेच होते.

हे सगळं हसून सांगता येतं. पुढचं तसं येत नाही, आणि खरं तर त्याच्यासाठीच मी लिहायला बसले आहे.

सविता माझी विद्यार्थिनी, जळकोटची. कंत्राटी नर्सची नोकरी सोडून एम.एस्सी.ला आलेली, हाडाची नर्स. तिला मी कांगारू मदर केअर हा विषय दिला. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून, तासन्‌तास उभं धरायचं, याला ते नाव आहे. आईच्या उबेने बाळ गरम राहतं, दूध ओढतं, वजन धरतं. मशीन लागत नाही की औषध लागत नाही. आई लागते आणि वेळ लागतो. साचा आमचा नेहमीचाच होता. मातांना शिकवायचं आणि फरक बघायचा. तीस माता घ्यायच्या ठरल्या होत्या.

दवाखान्याचं नाव सांगत नाही. नांदेड-लातूरच्या मधला एक मोठा सरकारी दवाखाना, एवढं पुरे. तिथल्या बाळांच्या वॉर्डाच्या इन्चार्ज होत्या गवळी सिस्टर. माझ्याच वयाच्या, आवाज खणखणीत. डॉक्टरसुद्धा त्यांना विचारून वॉर्डात चप्पल घालायचे. आयांना बसायला भिंतीलगत आठ खुर्च्यांची ओळ होती आणि समोरच व्हरांड्याचं दार. त्या दारातून डबा घेऊन येणारे सासरे, दीर, सफाईवाले, शिकाऊ पोरं, सगळ्यांची ये-जा. उघड्या छातीवर बाळ घेऊन बसलेली बाई कुणाची चाहूल लागली की पदर ओढायची आणि बाळ पाळण्यात ठेवून द्यायची.

सविताने एक चांगली युक्ती काढली होती. लिहिता न येणाऱ्या आया तास कसे मोजणार? तिने प्रत्येकीला एक पुठ्ठ्याचं कार्ड आणि टिकल्यांचं पाकीट दिलं. बाळ छातीवर धरून तास झाला की एक टिकली चिकटवायची. बायांना ते आवडलं. पहिल्या आठवड्यात ती कार्डं घेऊन आली आणि माझ्या टेबलावर पसरली. बहुतेक कार्डांवर दोन-तीन टिकल्या होत्या, पण तीन कार्डं लाल-हिरव्या टिकल्यांनी भरून गेली होती.

"यांना जास्त शिकवलंस का?" मी विचारलं.

"न्हाई मॅडम. शिकवल्यानं काहीच होऊन नाही राहिलं. जे होऊन राहिलं ते चादरीनं होऊन राहिलं."

मग तिने सांगितलं. गवळी सिस्टरनी कोपऱ्यातल्या तीन खुर्च्यांपुढे दवाखान्याच्या जुन्या हिरव्या चादरी टांगल्या होत्या. बँडेजचे रोल पिळून दोरी केली होती. त्या तीन खुर्च्यांवर जी बाई बसायची ती बाळाला खाली ठेवायचं नाव घेत नव्हती. खुर्चीसाठी आयांची भांडणं व्हायला लागली होती. सविता म्हणाली, "मॅडम, दोरी अजून लांब केली तर आठीच्या आठी खुर्च्या होत्यात. आपण हेच लिहू की."

आता माझी बाजू सांगते, ती कितीही लंगडी असली तरी. विद्यापीठाने मंजूर केलेल्या शीर्षकात शिक्षण कार्यक्रम होता, चादर नव्हती. शीर्षक बदलायचं म्हणजे नवा आराखडा, पुन्हा कमिटी, म्हणजे सविताचं वर्ष गेलं. आणि संशोधनाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, की ज्या गोष्टीचा परिणाम आपल्याला मोजायचा नाही ती गोष्ट अभ्यासातून बाजूला काढावी, नाहीतर निष्कर्ष गढूळ होतो. मी वर्गात हे इतकी वर्षं शिकवत होते, की मला चादर दिसलीच नाही. मला फक्त गढूळपणा दिसला.

मी दवाखान्याच्या अधीक्षकांना पत्र लिहिलं. अभ्यासकाळात वॉर्डातील परिस्थिती सर्व मातांसाठी समान राहावी, सबब तात्पुरते पडदे सहा आठवडे काढून ठेवावेत. पत्राला जावक क्रमांक होता. साहेबांनी चष्मा न लावताच सही केली.

ते पत्र घेऊन मी स्वतः वॉर्डात गेले. गवळी सिस्टरनी ते वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"मॅडम, तुमी वॉर्डात काम केलेलं माणूस. तुमाला बी सांगावं लागतंय का?"

"पोरीच्या डिग्रीचा प्रश्न आहे, सिस्टर. सहाच आठवडे."

"सहा आठवडे तुमचे. बाई हितं आठ-धा दिवसच असती. तिचं सगळं त्याच्यातच होऊन जातं."

सविता मदतीला पुढे झाली तर सिस्टरनी तिला हात लावू दिला नाही. स्वतः स्टुलावर चढल्या, गाठी सोडल्या, चादरींच्या घड्या केल्या आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. मला आठवतं, मला त्या क्षणी बरं वाटलं होतं. घोडं एकदाचं पुढे सरकलं, असं वाटलं होतं.

अभ्यास वेळेत पूर्ण झाला. आयांचं ज्ञान वाढलं होतं, ते वाढतंच. बाळाला का धरावं, किती वेळ धरावं, सगळं त्या घडाघडा सांगत होत्या. कार्डांवरच्या टिकल्या मात्र पहिल्यापेक्षा फारशा वाढल्या नव्हत्या. तो तक्ता आम्ही मागे, परिशिष्टात टाकला. लेख छापून आला, शिक्षण कार्यक्रम परिणामकारक ठरला. पहिलं नाव प्राचार्यांचं, दुसरं माझं, तिसरं सविताचं. शेवटी 'वॉर्डातील कर्मचाऱ्यांचे आभार'. सविताला डिग्री मिळाली आणि मला प्रोफेसरपद मिळालं. गवळी सिस्टरची सहा आठवडे संपायच्या आतच बदली झाली. चादरी कपाटातच राहिल्या. नव्या इन्चार्जना त्या कशाच्या आहेत हेही माहीत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी सविताचा फोन आला. ती आता नांदेडलाच एका कॉलेजात शिकवते, स्वतः गाइड आहे. म्हणाली, "मॅडम, ते चादरीचं लिहायचं राहिलं." टिकल्यांची कार्डं तिने जपून ठेवली होती. मी हो म्हणाले. आता मला कुठली बढती मिळणार होती? आम्ही दोघींनी बसून लेख लिहिला. चादरी होत्या तेव्हा काय झालं, काढल्यावर काय झालं, एवढंच. पहिलं नाव गवळी सिस्टरचं टाकायचं ठरवलं, कारण शोध त्यांचा होता. आणि लेख खऱ्या जर्नलला पाठवला, जिथे माणसं वाचून नकार देतात.

तीन-चार महिन्यांनी परीक्षकाचे प्रश्न आले. भाषा सभ्य, पण एकेक प्रश्न वर्मावर. पडदे लावण्यासाठी एथिक्स कमिटीची परवानगी होती का? नव्हती. एका बाईने आपल्या अकलेने बँडेज पिळून चादर टांगली होती, त्याला कोण परवानगी देणार? काढण्यासाठी मात्र रीतसर परवानगी होती, जावक क्रमांकासह. पुढचा प्रश्न होता, पडदे का काढले आणि त्यानंतर काय झाले, हे लेखिकांनी स्पष्ट करावे. त्या प्रश्नापाशी मी किती दिवस अडून राहिले ते सविताला माहीत आहे.

शिवाय प्रत्येक लेखिकेची संमतीची सही हवी होती. म्हणून मी आणि सविता देवणीला गेलो. गवळी सिस्टर निवृत्तीनंतर तिथे भावाकडे राहतात. गुडघे गेलेत, आवाज तोच. गोठ्यात वासराला ओरडत होत्या, आम्हाला बघून त्यालाच म्हणाल्या, "गप रे, प्रोफेसरबाई आल्यात." चहा झाला. मी कागद पुढे केला आणि सांगितलं, पहिलं नाव तुमचं आहे.

"माझं कामून? तुमच्या ह्या कागदात बाया किती?"

"तीस."

"अन् त्या चार?"

मला आधी कळेना. मग आठवलं. प्रबंधात एक ओळ होती, 'चार माता अभ्यासातून गळल्या, त्यांच्या जागी पुढील चार माता घेतल्या.' अशी ओळ प्रत्येक प्रबंधात असते. कुणी गावी जातं, कुणी कंटाळतं. आम्ही त्याला गळती म्हणतो आणि तीसचा आकडा भरून काढतो. त्या पानावर माझी सही होती.

"चादरी सोडल्या त्याच आठवड्यात पहिली गेली," गवळी सिस्टर म्हणाल्या. "सासरा डबा घेऊन दारात हुभा, अन् ही उघडी. लेकरू पदरात घेतलं अन् मला म्हणली, सिस्टर, घरी न्यायचं तर सही कुठं करायची. दीड किलोचं बी नव्हतं ते. लई समजावलं. म्हणली, हितं नागडं बसण्यापरीस माझ्या घरी माझ्या कोपऱ्यात धरीन. मंग दुसरी गेली. अशा चार. त्यांचे अंगठे मीच घेतले."

मी विचारलं, "लेकरांचं काय झालं, सिस्टर?"

"ते तुमी इचारायचं होतं. मी वॉर्ड टाकून कुठं जाऊ? अभ्यास तुमी करून राहिल्ता का मी?"

घरात भावाची सून भांडी घासत होती. शेवटी त्या म्हणाल्या, "त्या चौघी लिवा. मंग सही देते. न्हाईतर माझं नाव बी नगं अन् तुमचा कागद बी नगं."

सविताने घरी जाऊन जुनं गाठोडं सोडलं. चार अर्धवट फॉर्म सापडले. पत्त्याच्या जागी नुसती गावांची नावं होती. फोन नंबर दोघींचेच होते. एक बंद होता, दुसरा हैदराबादला एका ड्रायव्हरकडे लागला, तो बिचारा 'राँग नंबर, अम्मा' म्हणून ठेवून देत होता. सविता त्या गावांना जाऊन आली. एवढ्या वर्षांनी, नुसत्या 'अमक्याची सून' एवढ्यावर, कुणाला काय सांगता येणार? एका गावात लोकांनी उलट तिलाच विचारलं, की आता कामून आलात?

मी परीक्षकाला उत्तर लिहिलं. लेखाच्या शेवटी एक परिच्छेद घातला, त्या चौघींचा. माझ्या एवढ्या वर्षांच्या लिखाणात मला सगळ्यात जास्त वेळ लागलेला परिच्छेद तो आहे, आणि तो जेमतेम चार ओळींचा आहे. देवणीला पुन्हा गेले. गवळी सिस्टरना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी तो मराठीत वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. मग चष्मा लावला आणि सही केली, नोकरीत करायच्या तशी, खाली रेघ मारून.

जर्नलच्या संपादकांनी कळवलं, की परवानगीच्या अभावी हे पूर्ण लेख म्हणून छापता येत नाही, पण निरीक्षण मोलाचं असल्याने संपादकांना पत्र म्हणून छापू. पत्राला पॉइंट नसतात, पण मला आता पॉइंटांचं काय करायचं होतं? छापून आलं तेव्हा मी नांदेडला डोळ्यांच्या डॉक्टरकडे रांगेत बसले होते. तिथेच फोनवर उघडलं. पहिलं नाव गवळी सिस्टरचं. चादरी होत्या, बँडेजची दोरी होती, टिकल्याही होत्या. शेवटचा परिच्छेद नव्हता.

मी लगेच लिहिलं. उत्तर आलं, शब्दमर्यादेमुळे किरकोळ काटछाट करण्यात आली आहे, तसदीबद्दल क्षमस्व. मी दुरुस्ती छापा म्हटलं. ते म्हणाले, दुरुस्ती चुकीची छापतात, आणि काटछाट ही चूक नव्हे. नियमाने त्यांचं बरोबरच होतं. मीही आयुष्यभर नियमानेच वागले.

त्या संध्याकाळी गवळी सिस्टरचा फोन आला. सविताने त्यांना छापून आल्याचं कळवलं होतं.

"आलं म्हणं?"

"हाव, आलं. पहिलं नाव तुमचं आहे."

"ते ऱ्हाऊ द्या. सगळं आलं का?"

आणि मी हो म्हणाले. का म्हणाले, ते मला अजून नीट सांगता येत नाही. दमले होते, हे खरं आहे, पण ते कारण होत नाही. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई," आणि फोन ठेवला. पुढे भावाच्या सुनेकडून कळलं, की त्यांनी त्या पानाची प्रिंट काढून आणवली आणि देव्हाऱ्याशेजारी लावली आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. आपल्याला वाचता येत नाही, पण यात त्या चौघी आहेत, असं सांगतात.

हा अंक मी त्यांना पाठवणार आहे. मराठी त्यांना वाचता येतं. वाचून त्या मला काय बोलायचं ते बोलतील, आणि मी ते ऐकून घेईन. कापलेला परिच्छेद असा होता:

'हे पडदे काढण्याचे पत्र मी लिहिले होते. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत चार माता आपली कमी वजनाची बाळे घेऊन दवाखान्यातून निघून गेल्या. आम्ही त्यांना अभ्यासातून गळलेल्या म्हटले आणि त्यांच्या जागी दुसऱ्या चार घेतल्या. त्या बाळांचे पुढे काय झाले, हे आम्ही तेव्हा विचारले नाही.'